माही बारी कवा येईन? मंडळाच्या कार्यकर्त्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि समस्त कार्यकर्ते मंडळी,
तसंच शाळा व्यवस्थापन समिती आणि निंबाखाली बसून सामने पाहणारे सगळे आईबाप

विषय : २६ जानेवारीचे १० वर्षांखालील फुटबॉल सामने

स.न.वि.वि.

बसस्टँडवरचा फ्लेक्स पाहिला. 'भव्य खुले फुटबॉल सामने, वयोगट १० वर्षांखालील, प्रथम बक्षीस ११,१११ रुपये, प्रवेश फी ५०१, नॉकआऊट पद्धत, संघात ११ खेळाडू, पंचांचा निर्णय अंतिम.' फ्लेक्सवर सतरा जणांचे फोटो आहेत, मोजले मी. त्यात दहा वर्षांखालचं एकही नाही.

आधी आभार मानतो, आणि ते मनापासून. आपल्या गावात कबड्डी होते, टेनिस बॉलचं क्रिकेट होतं, शंकरपट भरतो. लेकरांसाठी मैदान आखावं हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं, ते तुम्हाला सुचलं. वर्गणी मीही दिली आहे, पावती चक्कीतल्या खिळ्याला टोचलेली आहे. तेव्हा हे पत्र विरोधकाचं समजू नका. पण त्या फ्लेक्सवरच्या बहुतेक ओळी बदलाव्यात असं माझं म्हणणं आहे. ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की मध्येच कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, म्हणून कागदावर लिहितो.

मी कोण, हे सांगायची गरज नाही. पीठ सगळेच नेता. संध्याकाळी साडेपाचला चक्कीचा पट्टा उतरवतो आणि शाळेमागच्या मैदानात जातो. कॉलेजात असताना यवतमाळला दोन वर्षं खेळलो, तेवढीच माझी लायकी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेला कुणी गावात असता तर त्याच्या हाती शिट्टी देऊन मी चक्कीवर परत गेलो असतो. तसा कुणी नाही, म्हणून मी. सध्या २३ लेकरं येतात, १४ पोट्टे आणि ९ पोट्ट्या, वय सहा ते दहा. बॉल सहा, त्यातले खरे दोनच. बाकी रबरी. मैदानात सराटे इतके की महिन्याला एक ब्लॅडर जातं. मोची शिवण उसवतो, सायकलवाला पंक्चर काढतो, मोची पुन्हा शिवतो. रेघा मारायला फक्की परवडत नाही, म्हणून चक्कीत झाडून निघालेलं पीठ टाकतो. फक्कीपेक्षा बरं दिसतं, फक्त मध्यंतरापर्यंत रेघेवर मुंग्यांची दुसरी रेघ लागते.

आता जी गोष्ट सांगतो त्यात गुन्हेगार मीच आहे.

दोन वर्षांपूर्वी बाजूच्या तालुक्यात असेच सामने होते, तुमच्यासारखेच नॉकआऊट. मी १४ लेकरं छोटा हत्ती टेम्पोत घालून नेली. सकाळी सातला निघालो, बोलावणं नऊचं होतं, पाहुणे साडेअकराला आले. तोवर अर्ध्यांचे डबे संपले होते आणि दोघांच्या चपला हरवल्या होत्या. सामना वीस मिनिटांचा. तीन लेकरं मी पूर्ण वेळ बाहेर बसवून ठेवली, कारण ती 'कच्ची' होती आणि मला जिंकायची नशा चढली होती. बरोबरी झाली, पेनल्टी आली. आपला एक नऊ वर्षांचा पोरगा, रोज हसत हसत गोल मारणारा, त्याचा बॉल वरून गेला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, ''काय केलं बे हे!'' बस, तेवढंच. परत येताना त्याचा बाप काही बोलला नाही आणि तोही नाही. सोमवारपासून तो आलाच नाही. अजूनही आम्ही खेळत असलो की तो बकऱ्या घेऊन बांधावरून जातो. मैदान आलं की चाल थोडी हळू होते, मग पुढे निघून जातो. दोनदा हाक मारली. ''बकऱ्या हायेत काका,'' म्हणतो.

आणि जी तीन बाहेर बसली होती, त्यांतल्या एका दोन वेण्यांच्या पोरीनं परतीच्या वाटेवर टेम्पोत मला विचारलं, ''काका, माही बारी कवा येईन?'' तिला अजून वाटत होतं की सामना संपलेला नाही.

हे पत्र मी त्या प्रश्नासाठी लिहून राहिलो आहे. बाकी सगळा हिशोब आहे, तोही मांडतो.

समजा तुमच्याकडे आठ गावांचे संघ आले, म्हणजे ८८ लेकरं. नॉकआऊटमध्ये पहिल्या फेरीत चार संघ गेले. म्हणजे ४४ लेकरं एक सामना खेळून घरी. पंधरा-वीस किलोमीटरवरून टेम्पोत हलत आलेली, आईनं पहाटे उठून पोळ्या करून दिलेली, नवे मोजे घातलेली. त्या वीस मिनिटांत बावीस जणांमध्ये बॉल एक. त्यातही जो अंगानं मोठा तो बॉल सोडत नाही. दोन-तीन वेळा पाय लागला तरी नशीब म्हणायचं. आणि हे आपण कुणाला 'खेळ' म्हणून दाखवणार?

मोठ्यांचं मैदान लांबीला कमीत कमी ९० मीटर असतं. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. आपला गोलकीपर चार फुटांचा. वरून बॉल गेला की तो नुसता मान वर करून पाहतो, आकाशात विमान पाहावं तसं, आणि लोक त्याला हसतात. बॉलचंही तसंच. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो; सात वर्षांच्या पोराच्या अंगठ्याला तो दगडासारखा लागतो. या वयाला तीन नंबरचा, फार तर चार नंबरचा बॉल आणतात. तुमच्या सामानाच्या यादीत पाच नंबरचे दोन बॉल लिहिलेले मी दुकानात पाहिले. दुकानदार माझ्याकडेच दळायला येतो, रागवू नका त्याच्यावर.

त्यापेक्षा असं करा. शाळेमागचं मैदान चार तुकड्यांत वाटा, तीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. प्रत्येक तुकड्यात चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, गोल म्हणून तुराट्यांच्या दोन-दोन पेंढ्या. संघात पाच लेकरं, एक बाहेर, दर दोन-तीन मिनिटांनी बदल. दहा मिनिटांचा सामना, दोन मिनिटं पाणी, मग पुढचा. चारही तुकड्यांवर एकाच वेळी ३२ लेकरं पळतात. ८८ लेकरांचे पाच-पाचचे सतरा-अठरा संघ होतात, आणि दोन-अडीच तासांत प्रत्येक संघाला चार सामने मिळतात. हरलेलाही चार खेळतो, जिंकलेलाही चार. पंच चार लागतील, ते दहावी-बारावीचे पोट्टे आनंदानं करतील. ऑफसाइड ठेवूच नका. आपल्यातल्या कितीजणांना तो समजतो हे मला माहीत आहे.

चार-चारचा खेळ म्हणजे पोरखेळ असं वाटत असेल तर आपल्या नागपूरकडे पाहा. विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं. तिथून पोरं बेघरांच्या ज्या फुटबॉल स्पर्धेला, होमलेस वर्ल्ड कपला, जातात, तो गोलकीपर धरून चार-चार जणांचाच असतो, मैदान जेमतेम २२ मीटर लांब. आपल्या देशाच्या फुटबॉल महासंघानंसुद्धा लहानांसाठी बेबी लीग काढली होती, तीही लहान मैदानावर, कमी खेळाडूंची.

आता बक्षिसाचं. ११,१११ ऐकून आजूबाजूच्या गावांत काय चाललंय, तुम्हाला माहीत नसेल. एका गावात आठवीतला पोरगा 'दहा वर्षांखालील' म्हणून तयार होऊन राहिला. त्याला मिसरूड फुटतंय, त्याच्या मामाला विचारलं तर म्हणाला, ''उन्हानं काळं दिसते.'' आपल्या आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा होता, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तारीख टाकली. आता आधार कार्ड आहे, तरी अकरा हजारांसाठी माणूस वाट काढतो. शिवाय खोटं न करताही घोळ असतोच. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच वयोगटात येतात, आणि आठ-नऊ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे तीन-चार बोटं उंचीचा फरक. जगभर हे दिसून आलेलं आहे की निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त भरतात. आपण त्यांना 'टॅलेंट' म्हणतो. ती फक्त आधी जन्मलेली असतात. डिसेंबरवाला मात्र 'कच्चा' म्हणून बाहेर बसतो. माझ्या त्या तिघांपैकी दोघं दिवाळीनंतर जन्मलेली होती. हे मी नंतर तपासलं.

नॉर्वे नावाचा देश आहे. तिथं मुलांच्या खेळाचे नियम १९८७ पासून आहेत, २००७ मध्ये त्यात मुलांचे हक्क लिहून टाकले. अकरा वर्षांचं होईस्तोवर गुणतक्ता नाही, क्रमवारी नाही. आणि बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्या. तुम्ही म्हणाल, अशानं पोरं बुळी होतील. आपली पोट्टी मोबाइलवर ज्या हालांडचे गोल पाहतात ना, तो २००० साली जन्मलेला, त्याच देशातल्या ब्रिने नावाच्या शेतीवाडीच्या छोट्या गावात वाढलेला. याच नियमांत खेळला तो. इंग्लंडमध्येही अकरा वर्षांपर्यंतच्या सामन्यांचे निकाल छापत नाहीत.

आणि सगळ्यांना बक्षीस ही गोष्ट आपल्याला नॉर्वेनं शिकवायची आहे का? तान्हा पोळा आपल्याकडचा. लाकडाचा नंदीबैल ओढत सगळी लेकरं मारुतीपुढं येतात. कुणाचा बैल सागवानाचा, पितळी घुंगरांचा, कुणाचा खोक्याच्या फळीचा, एका चाकाचा. बोजारा सगळ्यांना मिळतो. वही-पेन मिळतं, खाऊ मिळतो, कुणाच्या हाती दहाची नोट पडते. तुझा बैल हरला, जा घरी, असं आजवर कुणी म्हटलं नाही. (आता तिथंही सजावटीच्या स्पर्धा आणि एलईडी टीव्ही सुरू झालेत, पण त्यावर वेगळं पत्र लिहीन.) त्या ११,१११ मध्ये तीन नंबरचे चांगले बॉल घ्या आणि प्रत्येक गावाला दोन-दोन द्या. बॉल गावात गेला की वर्षभर खेळतील. ढाल गेली की सरपंचाच्या कपाटात जाईल.

निंबाखाली बसणाऱ्या आईबापांना दोन शब्द, आणि हे मी स्वतःलाही बोलतो. शंकरपटावर मधली काही वर्षं बंदी होती. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं, डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी मिळाली, ती अटींवर. बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, तुतारी म्हणजे टोकाला अणी असलेली काठी लावायची नाही. आणि आपण नऊ वर्षांच्या लेकराला रेघेबाहेरून काय करतो? ''मार नं बे!'' ''इकडं काऊन देते?'' ''पास दे!'' ''पास नको देऊ!'' चार बाजूंनी चार तुताऱ्या. पोरगं बॉल सोडून बापाकडं पाहतं. मी मागच्या वर्षी एका रविवारी एक नियम केला : रेघेबाहेरून फक्त टाळी वाजवायची, तोंड उघडायचं नाही. पहिली पाच मिनिटं अंत्ययात्रेसारखी शांतता होती. मग आतून आवाज यायला लागला. लेकरं एकमेकांना हाका मारून राहिली होती. ''इकडं, इकडं, मी मोकळी हाय!'' दोन वर्षं मी ज्यासाठी ओरडत होतो, ते मी गप्प बसल्यावर झालं. एका बापाला मात्र ते जमेना, तो पानाच्या ठेल्यावर जाऊन बसला आणि तिथून ओरडला.

सहा-सात वर्षांची पोरं बॉलमागं मोहोळासारखी धावतात, सगळी एका ठिकाणी. त्यावर फार चिडू नका. त्या वयात बॉल माझा असतो, आपला नसतो. ''पसरा रे'' म्हणून ओरडलं की दोन मिनिटं पसरतात आणि पुन्हा मोहोळ. मी काय करतो, दोनऐवजी चार गोल लावतो, चारही कोपऱ्यांत. एका गोलाकडं गर्दी झाली की एखादं चलाख लेकरू आपोआप वळून रिकाम्या गोलाकडं पळतं. सांगावं लागत नाही.

सरावाला आमच्याकडं रांग नसते. रांगेत उभं केलं की दहावं पोट्टं मातीत घर बांधतं, अकरावं बाराव्याला चिमटा काढतं. आम्ही विषामृत खेळतो. ज्यांच्यावर राज्य ते विष, त्यांच्याकडं बॉल नाही. बाकीचे आपापला बॉल पायानं नेत पळतात; बॉल कमी पडले तर दोघांत एक. विष लागलं की पाय फाकवून उभं राहायचं. कुणी सवंगड्यानं त्याच्या पायांमधून बॉल काढला की अमृत, पुन्हा पळ. यात कुणीच आऊट होत नाही. आऊट होऊन बसणारं लेकरू नेहमी तेच असतं, ज्याला खेळायची सर्वांत जास्त गरज असते. डाबडुबली, लगोरी, लंगडी, सगळ्यात बॉल घालून पाहिला. लंगडी फसली. सगळे पडले आणि हसून हसून अर्धा तास गेला, पण तो अर्धा तासही वाया गेला असं मी म्हणत नाही.

डोक्यानं बॉल मारायला या वयात लावू नका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद केलं, डोक्याला मार बसतो म्हणून. आपल्याकडं तर बॉल दवानं भिजून जड झालेला असतो.

पोट्ट्यांबद्दल. फ्लेक्सवर 'खेळाडू' लिहिलंय, म्हणजे पोरीही आल्या, असं मी धरतो. वेगळा गट करू नका. दहा वर्षांच्या आत त्या पोरांइतक्याच पळतात, काही जास्तच. पुढं अकरा-बाराव्या वर्षी एकेक घरी थांबते. कुणाला लहान भाऊ सांभाळायचा असतो, कुणाला कापूस वेचायला न्यावं लागतं, कुणाला आजी म्हणते आता पुरे. ते मला थांबवता येत नाही. पण तोवर मिळालेली चार वर्षं कुणी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. संघात दोन पोरी असल्याच पाहिजेत एवढी अट टाका, आजूबाजूची गावं आपोआप शोधतील.

''जिद्द कशी येईल मग?'' हा प्रश्न येणार, सचिव भाऊंनी मला चक्कीवर विचारलाच आहे. अहो, स्कोर लेकरंच मोजतात. मी न मोजताही त्यांना पाच-तीन माहीत असतं, त्यावर भांडतातही. फक्त हापशीवर पाणी प्यायला गेली की विसरतात. आपण फ्लेक्स लावून, ढाल देऊन, मोबाइलवर फोटो फिरवून त्यांना विसरू देत नाही. आणि जिंकायची वेळ पुढं आहेच. चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. शाळांच्या फुटबॉलचा सुब्रतो कप १९६० पासून चालू आहे, तो काही पळून जात नाही. तिथवर बॉल पायात ठेवणारी पोरं उरली पाहिजेत. आज बकऱ्यांमागं गेलेला तो पोरगा माझ्याकडचा सर्वांत चांगला डावरा होता.

शेवटचं, पाहुण्यांचं. आमदार साहेब येतील, सभापती येतील, यावंच. पण त्यांची वाट पाहत लेकरांना रांगेत उभं करू नका. झेंडावंदन आटोपलं की साडेआठला चारही मैदानांवर खेळ सुरू करा. पाहुणे आले की एक मैदान थांबवा, तिथं नारळ फोडा, फोटो काढा, बाकी तीन चालू राहू द्या. भाषणं लेकरं जेवायला बसल्यावर. डीजे नको, पोरांना एकमेकांच्या हाका ऐकू येत नाहीत. पाण्याचे माठ चारही कोपऱ्यांत ठेवा. ते मी देतो, आणि रेघांचं पीठही.

एवढं जमत असेल तर फ्लेक्स बदलायचा खर्च माझा. फोटो सतराच्या सतरा राहू द्या, खाली फक्त एक ओळ टाका : 'आलेलं प्रत्येक लेकरू चार सामने खेळेल.' मी मग बांधावर जाऊन त्या पोराला तिसऱ्यांदा हाक मारीन. बकऱ्या माझी आई धरायला तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे.

आपला,
चक्कीवाला

ता.क. : मागच्या गणपतीत मंडळानं फुगे भरायला माझा पंप नेला होता, त्याची पिन परत आलेली नाही. सहापैकी चार बॉल बसलेले आहेत. उद्या सकाळी कुणाच्या तरी हाती पाठवून द्या.